मटणाचं मन वळेपर्यंत

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात कंबर धरली आहे आणि गेले काही दिवस मी कोणासमोरच वाकत नाही, ऑफिसातल्या साहेबांसमोरसुद्धा. का धरली ते पुढे येईलच.) तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना नवं तेल लागू पडतंय हे वाचून बरं वाटलं, पण गाद्या उन्हात घालायला गच्चीवर जाण्याइतकं ते लागू पडू देऊ नकोस. भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? त्यांनी खिशात बिस्किटं लपवायचं सोडलं असेल तर माझा नमस्कार सांग, सोडलं नसेल तर नुसतंच 'धाकटीनं विचारलंय' म्हणून सांग, त्यांना बरोबर कळेल. इकडे मी ठीक आहे. ठीक आहे असं लिहून पुढे चार पानं रडगाणं गायचं हे आपल्या घरात रक्तातच आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

ताई, मी मटण केलं.

तू चष्मा पुसून पुन्हा वाचशील, म्हणून मीच पुन्हा लिहिते. मी, माझ्या स्वतःच्या हातांनी, माझ्या स्वतःच्या ओट्यावर, बोकडाच्या मटणाचा रस्सा केला, आणि तोही आईच्या पद्धतीनं. (आईच्या पद्धतीनं म्हणजे ती जसं करायची असं मला वाटतं, तसं. तू आणि आई आत असायच्या, एक वाटत आणि एक ढवळत, आणि मी बाहेर ताटली घेऊन 'झालं का' म्हणून ओरडत असायचे. माझं स्वयंपाकाचं सगळं शिक्षण खाणाऱ्याच्या बाजूनं झालेलं आहे.) आता तू म्हणशील, जिची मजल खिचडी आणि उकडलेलं अंडं याच्यापुढे कधी गेली नाही, तिला निवृत्तीच्या तोंडावर ही अवदसा कुठून आठवली? तर त्याची सुरुवात दातापासून आहे.

माझा दात तुटला. पुढचा, वरचा. तुला माझी सवय माहीत आहे, नकाशा काढताना पेन्सिल दातात धरायची. पाणीपुरवठा खात्यात लागल्यापासून या शहरातली एकूण एक पाइपलाइन मी दातात पेन्सिल धरून काढली आहे. आता सगळे नकाशे कॉम्प्युटरवर गेले, माझ्या टेबलावर पेन्सिलचं काही काम उरलं नाही, तरी मी धरतेच. दातांना कोण सांगणार की खातं बदललं म्हणून? तर त्या दिवशी पेन्सिल शाबूत राहिली आणि दात गेला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वर टोपी बसवू, पण रंग जुळवायला मागच्या खोलीत जा. मागच्या खोलीत एक गृहस्थ बसतात. दात, टोप्या, कवळ्या सगळं तेच बनवतात. दवाखान्यात त्यांना सगळे दातवाले म्हणतात, म्हणून मीही म्हणते. (नाव आहे त्यांना, पण ते इतक्यात लिहीत नाही. तू लगेच मोठ्यानं म्हणून बघशील.)

तर हे दातवाले म्हणजे उंच, सडसडीत, बाहीवर कायम प्लास्टरची पूड, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघणारे. त्यांनी मला खिडकीशी उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "हसा." आता सांग, परक्या माणसानं असं उभं करून हस म्हटल्यावर तुटक्या दाताची बाई काय हसणार? मी ओठ गच्च मिटून उभी. ते रंगांच्या नमुन्यांची पट्टी हातात धरून तसेच उभे. वैतागले नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी म्हणाले, "सावकाश होऊ द्या. मलाही खरा रंग बघायचाय, फोटोतला नको." आणि मला खरंच हसू आलं. मग त्यांनी विचारलं, शेजारच्या दातासारखा करू की जरा पांढरा? मी म्हटलं, शेजारच्यासारखाच करा, त्याला जन्मभर त्याच्याच शेजारी राहायचंय. यावर ते इतके खूश झाले की त्यांनी पट्टीच खाली पाडली. म्हणाले, लोक पांढराशुभ्र मागतात आणि मग तोंडात एकच बल्ब लावल्यासारखं दिसतं.

त्यानंतर दात बसवायला, मग तो घासून घ्यायला, मग नीट घासला गेलाय ना हे दाखवायला अशा माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. (शेवटच्या काही फेऱ्यांना वैद्यकीय कारण नव्हतं. पुढे वाच.) अशाच एका फेरीला ते डबा खात होते. डब्यात पाव आणि अंडं. त्यांनी स्टुलावरची पूड झाडून मला बसायला दिलं आणि बोलता बोलता सांगितलं की बायको गेल्यापासून घरचं मटण खाल्लेलं नाही. हॉटेलातलं नको वाटतं, त्यात तिखट असतं पण जीव नसतो. आता यावर शहाण्या बाईनं 'खरं आहे हो' म्हणावं, पर्स उचलावी आणि निघावं. माझ्या नव्या कोऱ्या दाताआडून काय शब्द बाहेर पडावेत? "या की रविवारी जेवायला. मी बरं करते मटण."

घरी येता येता मी भानावर आले. तुला फोन करून विचारणं सगळ्यात सोपं होतं हे मला कळत होतं. पण तुझा पहिला प्रश्न 'किती जणांचं करायचंय' आणि दुसरा 'कोण येणारे' हे मला पाठ आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाला तुझ्याशी खोटं बोलणं मला या जन्मात जमलेलं नाही. म्हणून मी मला जमतं ते केलं. नकाशा काढला. चांगल्या ट्रेसिंग पेपरवर, शाईनं. कांदा कुठून निघतो, खोबरं त्याला कुठे मिळतं, आलं-लसूण कुठल्या वळणावर, वाटण मुख्य वाहिनीला कुठे जोडायचं, पाणी कुठे सोडायचं आणि झाकण कधी बंद करायचं, सगळं बाणांसकट. इतका देखणा झाला की मी तो फ्रिजला चिकटवला आणि अर्धी लढाई जिंकल्यासारखी झोपले.

मटणाच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी गेले. (नेहमी आईची पिशवी धरायला म्हणून जायचे आणि बाहेर थांबायचे.) रांगेतल्या बायका काय सुरेख बोलत होत्या, इथलं नको, तिथलं दे, एवढं चरबीचं काढ. माझी पाळी आली तेव्हा मटणवाला म्हणाला, "कसं देऊ, मावशी?" अडाणी दिसू नये म्हणून मी रुबाबात म्हटलं, "चांगलं मोठं, भरलेलं जनावर बघून द्या." त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी माझ्या जाणकारीला मिळालेली दाद समजले. आता कळतं, ते न खपणारा माल खपल्याचं समाधान होतं. ताई, तो बोकड नव्हता. बोकडाचा आजोबा होता, आणि तोही निवृत्तीनंतर रोज व्यायाम करणारा.

माझा कुकर एका माणसापुरता. मोठा कुकर मागायला मी खालच्या मजल्यावर बॉयलरसाहेबांकडे गेले. (तू त्यांना पाहिलं नाहीस. जन्मभर कारखान्यांचे बॉयलर तपासले. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. जिन्यातल्या नळाला कान लावून उभे असतात. बायको मुलीकडे गेली आहे, त्यामुळे सध्या वेळच वेळ.) कुकर द्यायला तयार झाले, पण दाबाखालचं भांडं अननुभवी हातात एकटं सोडता येत नाही म्हणून सोबत स्वतः येतो म्हणाले. मी हातापाया पडून त्यांना खालीच थांबवलं. ठीक आहे, म्हणाले, मी खालून ऐकतो.

रविवार उजाडला. सुकं खोबरं विस्तवावर भाजायचं असतं हे मला पक्कं आठवत होतं. आईचं खोबरं भाजायचं, माझं पेटलं. चिमट्यात धरलेली वाटी मशालीसारखी धडधडायला लागली, मी ती सिंकमध्ये फेकली, नळ सोडला आणि घरात असा धूर झाला की फ्रिजवरचा नकाशा दिसेना. तो धूर खिडकीतून खाली गेला असणार, कारण पुढच्या क्षणी दारात बॉयलरसाहेब, हातात जिन्यातली वाळूची लाल बादली. आग विझली आहे हे त्यांना पटवायला मला आगीपेक्षा जास्त वेळ लागला. बादली त्यांनी ओट्याखाली ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसले. आता उठा कसं म्हणणार? कुकर त्यांचाच.

दुसरं खोबरं भाजलं, कांदा परतला, वाटण झालं, आणि फोडणीत पडल्यावर घरात असा वास सुटला की क्षणभर मला वाटलं, हे सगळं उगाच अवघड करून ठेवलंय तुम्ही लोकांनी. मग मटण पडलं, झाकण लागलं, शिट्ट्या सुरू झाल्या. साहेब प्रत्येक शिट्टीला गाण्याला दाद द्यावी तशी मान हलवत होते. माणसाला पुरे वाटाव्यात इतक्या शिट्ट्या झाल्यावर मी झाकण उघडलं आणि एक तुकडा दाबून बघितला. तो दबला नाही. माझंच बोट दबलं. पुन्हा झाकण, पुन्हा शिट्ट्या. पुन्हा उघडलं, तुकडे जसेच्या तसे, उलट आंघोळ करून ताजेतवाने झाल्यासारखे. तिसऱ्यांदा लावल्यावर मटण नाही, कुकर हरला. झाकणाच्या रबरानं प्राण सोडला आणि कडेनं नुसती फुसफुस सुरू झाली. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांनी मागे व्हा." सगळे म्हणजे मी. आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली.

दातवाले दारात. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले, बाहीवर पुडीचा कण नाही. मी धुरात कोळपलेली, कपाळाला वाटण, आणि माझ्या मागे एक अनोळखी गृहस्थ हातात वाळूची बादली घेऊन उभे. त्यांनी हे सगळं बघितलं, चपला काढल्या आणि खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत एक पेन्सिल होती. तिच्या मागच्या टोकाला त्यांनी कवळीला वापरतात त्या मऊ गुलाबी मालाची टोपी करून बसवली होती. म्हणाले, "सवय जायची नाही तुमची. म्हटलं, निदान दात तरी वाचेल." ताई, मला आजवर लोकांनी सवयी सोडायला सांगितल्या आहेत. सवयीसाठी कोणी गादी करून दिली नव्हती.

मी खरं तेच सांगितलं, मटण शिजत नाहीये. ते म्हणाले, बघू. एक तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागले. चावत राहिले. मी आणि साहेब त्यांच्या जबड्याकडे बघतोय, आणि ते छताकडे. बऱ्याच वेळानं तो तुकडा त्यांनी गिळला की रुमालात घेतला, मी विचारलं नाही. "चव छान आहे," म्हणाले. "मटणाचं मन अजून वळलेलं नाही, एवढंच." (चव छान नव्हती. तेही पुढे येतं.) यावर साहेबांना चेव आला. हल्लीच्या माणसांना चावताच येत नाही, आम्ही सुपारी फोडलेली माणसं, असं म्हणत त्यांनी हाडाजवळचा एक चांगला दांडगा तुकडा उचलला आणि सगळा जोर लावून चावला.

कट्ट असा आवाज झाला.

मला वाटलं हाड फुटलं. मग साहेबांनी तोंडाशी हात नेला आणि तळहात पुढे केला. त्यावर त्यांची वरची कवळी होती, सरळ दोन भागांत. ताई, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं म्हणतात ना, ती वेळ. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि शेजाऱ्याचे दात काढून घ्यावेत! मी तोंडाला पदर लावून उभी. दातवाले मात्र एकदम बदलले. आल्यापासून अवघडलेला माणूस ओळखीच्या गावात आल्यासारखा झाला. दोन्ही तुकडे खिडकीशी नेऊन जुळवून बघितले. "स्वच्छ तुटलीय. होईल. दवाखान्याची किल्ली माझ्याकडे असते, येतो करून." रुमालात कवळी बांधली, चपला घातल्या, आणि गेलेसुद्धा. पाण्याचा घोट न घेता.

दार लागलं आणि घर असं शांत झालं की मला गॅसचा आवाज ऐकू यायला लागला. मी रस्सा आईच्या जाड बुडाच्या पातेल्यात ओतला, गॅस बारीक केला, वर ताटली ठेवून तिच्यात पाणी घातलं. हे मात्र मला खरंच आठवलं, आई असं करायची. नकाशात ते नव्हतं. आणि मग बसले. टेबलावर मांडलेल्या ताटांकडे बघत बसले. आई गेल्यापासून या घरात दुसरं ताट फळीवरून खाली आलं नव्हतं, ते मी सकाळी घासून पुसून मांडलं होतं. मनात म्हटलं, संपलं. जेवणातून उठायला इतकं सभ्य निमित्त मिळाल्यावर कोण परत येतं? मीच असते तर आले नसते. आत जाऊन साडी बदलली. मग वाटलं, परत आलेच तर म्हणतील वाट बघत होती, म्हणून पुन्हा ती वाटणाची साडी नेसले. मग वाटलं, आता माणसाला वाटणाच्या साडीत बसून जेवायला वाढणार का, म्हणून पुन्हा बदलली. साहेब स्टुलावरून हे सगळं बघत होते. दात नसलेला माणूस एरवी गप्प बसतो, पण ते म्हणाले, "येतील ओ. मानूफ फरळ आहे." (माणूस सरळ आहे. मलाही जरा वेळानंच कळलं.) थोड्या वेळानं त्यांनी समोरच्या हॉटेलातून काही मागवू का असं विचारलं. मी इतक्या जोरात नाही म्हणाले की ते दचकले. मटण व्हायचं तर याच पातेल्यात होईल आणि कोणी खायचं तर हेच खाईल, नाहीतर मी एकटी खाईन, महिनाभर लागला तरी.

दुपार कलायला लागली तेव्हा वास बदलला. ताई, तुला माहीत असेल, मला ते माहीत नव्हतं, की मटणाचा वास एका क्षणी बदलतो. तोपर्यंत कांदा वेगळा, मसाला वेगळा, मटण वेगळं असतं आणि मग अचानक सगळ्यांचं आपसात जमतं. मी झाकण काढलं. साहेब वाटी घेऊन पुढे आले. त्यांनी एक तुकडा तोंडात घेतला आणि चक्क हिरड्यांनी खाल्ला. डोळे मिटले. म्हणाले, "झालं." मटण शिजल्याचा याहून मोठा पुरावा जगात कोणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

आणि बेल वाजली. दातवाले धापा टाकत उभे, एका हातात रुमाल आणि दुसऱ्या काखेत तान्हं मूल धरावं तशी एक भली थोरली हिरवीगार कच्ची पपई. उशीर पपईमुळे झाला, कवळीमुळे नाही. फळवाले पिकलेलीच दाखवायचे, कच्ची कोणी ठेवत नव्हतं, म्हणून हे सगळा बाजार पालथा घालून आले होते. "हिनं मटण मऊ होतं म्हणे," असं म्हणून त्यांनी पपई ओट्यावर ठेवली आणि कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली. तोवर साहेबांनी कवळी तोंडात बसवली होती. ती बसताक्षणी त्यांनी सत्य सांगायला तोंड उघडलं, "अहो, पण मटण तर केव्हाच..." आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला दिला. मग पपई चिरली, चार फोडी रस्स्यात सोडल्या, झाकण ठेवलं, आणि आम्ही तिघं पातेल्याभोवती गंभीरपणे उभे राहिलो. थोड्या वेळानं दातवाल्यांनी एक तुकडा चाखला आणि त्यांचा चेहरा असा उजळला म्हणतेस! "बघा! वळलं की नाही मन!"

मी म्हटलं, "पपई नसती तर काही खरं नव्हतं."

ताई, मी उभ्या नोकरीत माझ्या कामाचं श्रेय कोणाला बोटभर घेऊ दिलेलं नाही. माझ्या नकाशावर दुसऱ्यानं नुसती तारीख घातली तरी मी भांडले आहे. त्या दिवशी मी सगळंच्या सगळं देऊन टाकलं, आणि वर आणखी वाढू का म्हणून विचारत होते. तू मला ओळखतेस, तेव्हा यातून काय घ्यायचं ते घे.

जेवायला बसलो. पहिला घास घेतला. साहेब म्हणाले, उत्तम, अति उत्तम, फक्त मीठ मागाहून घालायची पद्धत आहे का तुमच्याकडे? मी उठून फ्रिजवरचा नकाशा बघितला. कांदा होता, खोबरं होतं, बाणच्या बाण होते, मीठ कुठेच नव्हतं. मिठाची बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि ज्यानं त्यानं आपापलं घालून घेतलं. दातवाल्यांनी दोनदा रस्सा घेतला, तिसऱ्यांदा भात घेतला, हाडं अशी स्वच्छ केली की ती त्यांच्या दवाखान्यात मांडता आली असती. मी धीर करून म्हटलं, फार उशीर झाला ना जेवायला. ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी पपई शोधत हिंडत होतो ना, तेव्हा मनात येत होतं, घरी कोणीतरी आपल्यासाठी जेवायचं थांबलंय. फार दिवसांनी असं झालं." आणि मग घाईघाईनं मीठ मागितलं. साहेबांना इतक्या वर्षांत कुठे थांबायचं हे कळलं नव्हतं, पण तेव्हा कळलं. खाली गॅस चालू राहिलाय म्हणून ते उठून गेले. (त्यांच्याकडे गॅसवर काहीही नव्हतं. कुकर तर माझ्याकडे होता.)

भांडी आम्ही दोघांनी घासली. मी घासली, त्यांनी पुसली, आणि पुसताना प्रत्येक ताट उजेडाकडे धरून बघितलं, त्याला त्यांचा इलाज नाही. जाताना दारात म्हणाले, पुढच्या रविवारी माझ्याकडे या, मटण नाही येत मला, पण अंडं चांगलं उकडतो. ते गेल्यावर वाळूची बादली जिन्यात परत ठेवायला म्हणून मी उचलली, आणि कंबर धरली ती त्या वेळी. अख्ख्या दिवसात जखम झाली असेल तर ती तेवढीच.

असो. हे असं झालं बघ. या वयात नसते उद्योग करू नयेत हे तुझं म्हणणं मला तंतोतंत पटलं आहे आणि मी पुन्हा मटणाच्या वाटेला जाणार नाही. तू जपून राहा, भावोजींना जप, गुडघ्यांवर तेल स्वतः चोळू नकोस, त्यांच्याकडून चोळून घे, तेवढाच त्यांना व्यायाम. बाकी सगळं क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. आई मटणात शेवटी काहीतरी घालायची, मूठ झाकून, आपल्याला दिसू न देता. तुला नक्की ठाऊक असणार. कळव. शिवाय मटणवाल्याला काय म्हटलं की तो कोवळं देतो, तेही लिही. सहज विचारतेय. पुन्हा करणार नाहीच आहे.

ता. क. अंडी खरंच चांगली उकडतात ते. त्यांच्या घरात एकच खुर्ची होती, मी गेले तेव्हा दोन होत्या. दुसरीचा प्लास्टिकचा कागद काढायचा राहिला होता, त्यावर बसले की आवाज यायचा. आम्ही दोघांनीही तो ऐकू न आल्यासारखं केलं.

ता. क. तुझ्या पत्रातल्या मुख्य गोष्टीबद्दल मी अख्ख्या पत्रात चकार शब्द काढला नाही, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल. तू मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीस, निवृत्त झाले की मी कायमची तुमच्याकडे यायचं असं भावोजींनी ठरवलंय, ते वाचून मी ऑफिसात फायलीआड तोंड लपवून रडले. माझ्यासाठी इतकं कोण करतं? आणि तरी ताई, मी राहायला येणार नाही. आठ दिवस येईन, पंधरा येईन, पण एकटी येणार नाही. दातवाल्यांनी मला परवा विचारलं. मी त्यांना म्हटलं, मला मोठी बहीण आहे, तिला विचारून सांगते. ते म्हणाले, जरूर विचारा, घाई नाही. नोंदणीच्या कचेरीत माझ्या बाजूनं सही करायला तू हवीस. तेवढ्यासाठी हे एवढं लांबण लावलं.

ता. क. वरचं पूर्ण खरं नाही. विचारून सांगते असं म्हणायचं मी ठरवून गेले होते, पण आयत्या वेळी तोंडातून एकदम 'हो'च निघालं. तेव्हा परवानगीचं आता काही उरलेलं नाही. तू फक्त फोन उचल आणि 'बरं झालं' म्हण. रडायचं असेल तर मग रड, मीही रडेन, पण आधी 'बरं झालं' म्हण. तेवढं तुझ्या तोंडून ऐकलं की बाकी जग काय म्हणतं ते माझं मी बघून घेईन.